तोंडात पाण्याचा घोट

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थाचं नाव आपण घ्यायचं नाही. जे नाव सांगताना त्याला स्वतःला आयुष्यभर घाम फुटला, ते आपण फुकटात घेऊन मोकळं व्हावं, हे काही बरं दिसत नाही. कंपनीतली मंडळी त्याला ‘मधला मजला’ म्हणायची. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते, तसा हा शब्दाच्या मध्ये अडकायचा. चेष्टा होती, पण त्यात विष नव्हतं. काम असं चोख की हीच चेष्टेखोर मंडळी अडचणीत सापडली की पहिला फोन ‘मधल्या मजल्या’ला करत. आपण त्याला नुसतं मिस्त्री म्हणू.

मिस्त्रीचं अडखळणं नाटकातल्यासारखं त-त-प-प नव्हतं. तोंड उघडं, मान ताठ, डोळे समोरच्याच्या शर्टाच्या गुंडीवर आणि आवाज साफ बंद. क आणि ब ही अक्षरं तर जन्माची वैरी. गंमत अशी की ‘काय’, ‘कुठे’, ‘बरं’ असले किरकोळ शब्द कसेही सुटून जात. जो शब्द खरंच हवा असे, तोच नेमका दाराशी येऊन अडून बसे. मग मिस्त्री मागच्या दाराने दुसरा शब्द बाहेर काढी. ‘बिघाड’ म्हणता येत नसे, म्हणून तो ‘दुखणं’ म्हणे. “हिचं दुखणं वरच्या मजल्याचं आहे,” असं तो लिफ्टकडे बघून म्हणाला की इमारतीतल्या लोकांना वाटे, काय जीव आहे याचा यंत्रावर! बायकोला तो ‘आमची ही’ म्हणे, ते लाजून नव्हे. उपाहारगृहात हवं ते तो कधी मागतच नसे. जे म्हणता येईल ते मागून निमूट खाऊन येई.

घरी तर बोलायची गरजच उरली नव्हती. बायको तयारच असे. हिचं डोकं तरतरीत आणि जीभ त्याहून. मिस्त्रीने “आज त्या ब...” म्हटलं की ही पोळी उलटता उलटता म्हणे, “बँकेच्या लिफ्टने डोकं उठवलं, माहितेय, हात धुवा.” मिस्त्रीला त्या बँकेच्या लिफ्टबद्दल बोलायचंच नसे. पण वाक्य पूर्ण झालेलं असे, तेही सुबक. त्यावर पुन्हा नवं वाक्य सुरू करायचं म्हणजे सगळा डोंगर पहिल्यापासून चढायचा. तो हात धुवायला जाई.

आणि सांगण्यासारखं त्याच्याकडे पुष्कळ होतं. लिफ्टच्या डब्याच्या टपावर उभं राहून, हातात बॅटरी घेऊन, त्या उंच अंधाऱ्या विहिरीतून हळूहळू वर जायचं. प्रत्येक मजल्याच्या दाराच्या फटीतून प्रकाशाची एक पट्टी आणि थोडासा संसार आत येई. कुठे कोणी पाढे म्हणतंय, कुठे नवराबायको कुजबुजत भांडतायत, कुठे कुकरची शिट्टी. इथे कोणी त्याला काही विचारत नसे. ती जागा त्याला मनापासून आवडे.

त्याच जागेवर गदा आली. कंपनीने नवी पद्धत आणली. दुरुस्ती झाली की मिस्त्रीने एका नंबरवर फोन करायचा, पलीकडे यंत्र असायचं, त्याला स्वतःचं नाव, इमारतीचं नाव आणि ‘काम झालं’ एवढं सांगायचं. तशी नोंद झाल्याशिवाय लिफ्ट लोकांसाठी सुरू होत नसे. सगळे त्या यंत्राला ‘फोनमधली बाई’ म्हणत. बाईचा आवाज मोठा गोड. “कृपया आपलं नाव सांगा.” मिस्त्रीचं तोंड उघडं, मान ताठ. “माफ करा, आपला आवाज ऐकू आला नाही. धन्यवाद.” आणि फोन बंद. त्या ‘धन्यवाद’चा मिस्त्रीला सगळ्यात जास्त राग येई. नावाला काही मागचं दार नसतं. ‘दुखणं’ चालेल, पण स्वतःच्या नावाऐवजी दुसरं काय सांगणार?

काही दिवस त्याने इमारतींच्या वॉचमनकडून फोन करून घेतले. वॉचमन हौसेने करत. मग एका वॉचमनने जास्तच हौसेने फोन केला, मिस्त्री अजून टपावर असतानाच, आणि लिफ्ट सुरू झाली. मिस्त्री वेळीच खाली बसला म्हणून निभावलं. पण बातमी साहेबांपर्यंत गेली.

साहेब वाईट नव्हते. तेच तर कठीण होतं.

“अरे, तुझ्यासारखा हात माझ्याकडे दुसरा नाही,” ते म्हणाले. “पण उद्या काही झालं आणि लिफ्ट सुरू करायला वॉचमनने सांगितलं असं बाहेर आलं, तर तू आणि मी दोघंही घरी. पुढच्या तिमाहीपासून तुझं तू बोल. नाहीतर गोदामात ये. पगार तोच राहील, सावलीतलं काम. वाईट काय त्यात?”

गोदाम म्हणजे खोकी मोजायची. मिस्त्री मान हलवून बाहेर आला. त्या संध्याकाळी त्याने घरी “गो...” एवढंच म्हटलं, आणि बायको म्हणाली, “गोळी हवी का डोक्यावर? देते.” गोळी घेऊन तो झोपला.

पुढची दुरुस्ती होती ती एका चार मजली इमारतीत. दारावर पाटी, ‘मानवी भाषा तंत्रज्ञान संशोधन केंद्र’. मिस्त्रीने पाटी दोनदा वाचली. तंत्रज्ञान म्हणजे तारा, मोटारी, दातेरी चाकं. त्यात भाषा कुठून आली? वर जाताना तो प्रत्येक मजल्यावर डोकावला. वाटलं होतं मोठाली यंत्रं असतील. पाहिलं तर कानांवर वाटीएवढाल्या टोप्या लावून माणसं गप्प बसलेली. इतक्या गप्प माणसांनी भाषेचं काय संशोधन चालवलंय, याचं त्याला फार कुतूहल वाटलं.

दोर घट्ट करून झाला, ब्रेक तपासून झाला आणि गच्चीवरच्या मोटारीच्या खोलीतून त्याने फोन लावला. “माफ करा, आपला आवाज ऐकू आला नाही.” पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा फोन कानावरून काढला तेव्हा दारात चष्मा डोक्यावर चढवलेल्या एक बाई उभ्या होत्या. लिफ्ट कधी सुरू होणार, हे विचारायला त्या चार मजले चढून आल्या होत्या. इथल्या संशोधक.

आता या बाई म्हणतील, पाणी हवं का, किंवा फोन हातातून घेऊन स्वतःच बोलतील, असं मिस्त्रीला वाटलं. त्या काहीच म्हणाल्या नाहीत. नुसत्या उभ्या राहिल्या. मिस्त्रीला त्या गप्प उभं राहण्याचंच नवल वाटलं.

“ही... मला ऐकत नाही,” तो शेवटी म्हणाला.

“दिसलं,” संशोधक बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा जरा उतरला होता. “काका, ती आमचीच आहे. तुमच्या कंपनीने घेतलीय दुसरीकडून, पण तिला ऐकायला शिकवलं ते इथे, खाली दुसऱ्या मजल्यावर.”

“मग अ...अर्धवटच शिकवलंत,” मिस्त्री म्हणाला.

बाई मोठ्याने हसल्या. मग म्हणाल्या, “शनिवारी याल का? आम्हाला तुमच्यासारखी माणसं हवीतच. तुमचं अडखळणं हवंय.”

मिस्त्री घरी गेला तो हेच घोळवत. लहानपणी तोंडात गोट्या धरून बोलायला लावलं, जिभेला मध चोळला, एका मास्तरांनी तर छडीने इलाज केला. सगळ्यांना त्याचं अडखळणं जायला हवं होतं. ते मागून घेणारं कोणी पहिल्यांदाच भेटत होतं.

शनिवारी बाईंनी आधी त्याला पडदा दाखवला. त्यावर कोणाच्या तरी बोलण्याचं चित्र होतं, काळे काळे झुपके आणि मधून सपाट रेघ.

“झुपके म्हणजे आवाज,” बाई म्हणाल्या. “रेघ म्हणजे शांतता. यंत्राला हजारो लोकांचं बोलणं ऐकवून शिकवतात. ऐकवण्याआधी आम्ही ते साफ करतो. ही लांब लांब रेघ उगाच जागा खाते, म्हणून कापून टाकतो.”

मिस्त्रीने रेघेवर बोट ठेवलं. “आणि रेघेनंतर श...शब्द असला तर?”

“तोच तर घोळ झाला. आम्ही सगळ्या रेघा कापल्या. त्यामुळे शांतता झाली की माणूस संपला, असं ती शिकली. काही शांततांच्या पलीकडे माणूस अजून उभा असतो, हे तिला कधी ऐकवलंच नाही.” बाईंनी चष्मा खाली ओढला. “शहाणी माणसं आम्ही, आणि कोणाच्या लक्षात आलं नाही बघा.”

मग त्याला एका खोलीत बसवलं. भिंतींना जाड फोम, दार शीतगृहासारखं, समोर माइक. दार लागलं तशी बाहेरची रहदारी पुसून गेली. मिस्त्रीला एकदम लिफ्टच्या विहिरीत गेल्यासारखं वाटलं. हातात कागद दिला होता. त्याने वाचायला सुरुवात केली आणि शेवटपर्यंत वाचला. क आला, गेला. ब आला, गेला. लोण्यातून सुरी जावी तसा पठ्ठ्या वाचत गेला.

बाहेर आला तेव्हा बाईंचा चेहरा बघण्यासारखा होता.

“काका, एकदाही नाही?”

“एकटा असलो की होत नाही तसं,” मिस्त्री ओशाळून म्हणाला. “वि...विहिरीत मी गाणी म्हणतो.”

बोलावणं अडखळण्यासाठी आणि हा घडघडा वाचून आला! त्याला चोरी पकडल्यासारखं झालं. पण बाई खुर्ची ओढून बसल्या आणि प्रश्नांवर प्रश्न विचारू लागल्या. कुत्र्याशी बोलताना होतं का? तान्ह्या मुलाशी? दुसऱ्याची नक्कल करताना? मिस्त्रीने कधी विचारच केला नव्हता. कुत्र्याशी नाही. मुलगी तान्ही होती तेव्हा तिच्याशी नाही. ती बोलायला लागली तसं सुरू झालं. जो ऐकतोय, ज्याला उत्तराची घाई आहे, त्याच्यापाशी होतं. स्वतःच्याच तोंडाविषयी इतकी नवलाई असेल हे त्याला ठाऊक नव्हतं. दोघंही अगदी रंगून गेली.

“म्हणजे समोर माणूस हवा,” बाई म्हणाल्या. “घाईचा माणूस. आहे कोणी?”

“आहे,” मिस्त्री म्हणाला. “घरातच आहे.”

बायकोने चांगलं पातळ नेसलं, केस नीट केले आणि नवऱ्याबरोबर त्या खोलीत शिरली. दोघं समोरासमोर बसली. हातात प्रश्नांची कार्डं. मिस्त्रीने पहिलं उचललं. लहानपणीच्या घराबद्दल सांगा. “आमचं घर क...”

“कौलारू होतं,” बायको म्हणाली. “आणि पुढे विहीर.”

“त्या विहिरीत एकदा ब...”

“बादली पडली. हे सांगतात नेहमी.”

असं तासभर चाललं. बाहेर येताच बाई हात जोडून म्हणाल्या, “काकू, तुमचं बोलणं काय सुंदर आलंय! पण काकांचं एकही वाक्य पुरं नाही.”

“अगं बाई! मी बोलले?” बायकोला खरंच पत्ता नव्हता. तिने पुन्हा करू म्हटलं, या वेळी ओठ घट्ट मिटून बसेन म्हणाली. बसली आणि पहिल्याच क ला शब्द पुरवून मोकळी झाली. जिभेला इतक्या वर्षांचं वळण, ते एका दिवसात कुठून सुटणार? शेवटी तिनेच तोडगा काढला. पाण्याचा ग्लास मागवला, एक घोट तोंडात घेतला, गाल फुगवले आणि नवऱ्याला हाताने खूण केली, की चला, बोला आता.

मिस्त्रीला हसू आलं. संसारात पहिल्यांदाच ती समोर होती आणि बोलू शकत नव्हती. त्याने कार्ड उचललं. घरातल्या कोणाचं नाव कसं ठेवलं, ते सांगा.

त्याचं हसू गेलं. कार्ड खाली ठेवावं असं मनात आलं. पण समोर बायको गाल फुगवून, डोळे मोठे करून वाट बघत होती. इतकी वाट तिने कधी बघितली नव्हती.

“आपल्या मु...मुलीचं,” तो म्हणाला. “आपण दोघांनी एक नाव ठरवलं होतं. तू दवाखान्यात होतीस. मी नोंद करायला गेलो आणि आईने सुचवलेलं नाव देऊन आलो. तुला वाटतं, मी आईचं ऐकलं.”

बायकोने जोरात मान हलवली. वाटतं म्हणजे काय, होतंच तसं. त्यावरून सासूशी तिचं जे बिनसलं ते म्हातारी जाईपर्यंत सांधलं नाही.

“आईचं नाही ऐकलं मी. खिडकीवर गेलो. मागे रांग. आतला म्हणाला, नाव? मी आपण ठरवलेलंच सांगणार होतो.” इथे मिस्त्री ते नाव सांगायला गेला आणि अडला. मान ताठ. खोलीत काही म्हणजे काही आवाज नव्हता. बायकोचे गाल फुगलेले, डोळे त्याच्या तोंडावर. तिला ते नाव ठाऊक होतं, तिच्या पाण्याच्या पलीकडेच ते उभं होतं. पुष्कळ वेळ गेला. मग ते नाव आलं, अख्खं.

“असं नाही आलं त्या दिवशी,” तो म्हणाला. “आतला म्हणाला, नाव ठेवलंय की नाही अजून? मागचे हसले. त्याने पेन आपटलं. आईने सुचवलेलं सोपं होतं. ते सांगून टाकलं. माझ्या मुलीला मी जे म्हणता आलं ते नाव दिलं, हवं ते नाही. तुला सांगायला लाज वाटली. आई म्हणाली, माझ्या नावावर टाक. सुनेचे चार शब्द जास्त ऐकेन, मला काय होतंय.”

बायकोने तो घोट गिळला. गटकन. त्याचा आवाज त्या ध्वनिमुद्रणात आहे. संशोधक बाईंनी तो कापला नाही. त्यानंतर एक लांबच लांब सपाट रेघ आहे, तीही ठेवलीय.

“मी बरोबर असते,” बायको शेवटी म्हणाली, “तर मी पुरं केलं असतं.”

“हो ना,” मिस्त्री म्हणाला. “तेव्हाच नेमकी नव्हतीस.”

बसथांब्यावर दोघं उभी होती. बायको रडली नव्हती, पण नाकाचा शेंडा लाल होता. बस येताना दिसली तशी ती एकदम वळून म्हणाली, “अहो, आणखी काय काय बदललंत असं?”

मिस्त्रीने विचार केला. “चहा.”

“चहा?”

“तुझ्या माहेरी पहिल्यांदा आलो, तू विचारलंस, चहा की... ते दुसरं. मला ते दुसरं आवडतं.”

“आणि मी तुम्हाला रोज दोनदा चहा पाजतेय!” मग तिला इतकं हसू लोटलं की बस निघून गेली.

घरी आल्यावर ती सासूच्या फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली. काय म्हणाली ते तिलाच ठाऊक. रात्री मुलीला फोनवर सगळं सांगितलं, तर मुलगी म्हणाली, “तेच नाव ठेवायचं होतं तुम्हाला? बाप रे! वाचवलंत, बाबा.”

मिस्त्रीसारखी आणखी बरीच माणसं त्या केंद्रात आली, बसली, अडली, बोलली. संशोधक बाईंनी साहेबांना स्वतः फोन करून थोडी मुदत मागून घेतली होती. कंपनीच्या फोनमधल्या बाईला नव्याने शिकवून परत आणलं त्या दिवशी साहेब जातीने मोटारीच्या खोलीत आले. बरोबर दोन सहकारी. आज नाही जमलं तर उद्या गोदाम, हे चौघांनाही माहीत होतं.

मिस्त्रीने फोन सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

“कृपया आपलं नाव सांगा.”

तोंड उघडं, मान ताठ. मोटारीचा पंखा तेवढा फिरत होता. एका सहकाऱ्याचे ओठ हलले, साहेबांनी हात वर केला. मिस्त्री ‘माफ करा’ची वाट बघत होता. ते आलं नाही. फोनमधली बाई गप्प होती, पण फोन चालू होता. ती थांबली होती. नाव हळूहळू वर आलं आणि दार उघडून बाहेर पडलं.

“ठीक आहे. इमारतीचं नाव?”

तेही झालं. ‘काम झालं’ तर त्याने ठणकावून सांगितलं. “नोंद केली आहे. धन्यवाद,” बाई म्हणाली, आणि मिस्त्री उलट “धन्यवाद” म्हणाला, यंत्राला, सगळ्यांसमोर. साहेबांनी पाठीवर थाप मारली. “जा, मधल्या मजल्या. तुझी विहीर तुला लखलाभ!”

सगळे खाली गेल्यावर त्याने घरी फोन लावला. तिकडे उचलल्याचा आवाज आला.

“मी बोलतोय,” तो म्हणाला. “ते क...”

पलीकडे काहीच नाही. कामाचं झालं का, कंपनीने काय सांगितलं, काहीच नाही. मिस्त्रीला वाटलं, फोन कटला. त्याने तो कानावरून काढून बघितला. चालू होता.

“अगं,” तो म्हणाला, “तोंडात पाणी धरलंयस की काय?”

“म्हं,” पलीकडून आवाज आला, गाल फुगल्यासारखा.

मिस्त्री मोटारीच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसला, पाय लांब केले आणि पहिल्यापासून सांगायला लागला.